ई-मेल ‘पाठवला’, पण तो निघाला का?

संगणकावर ‘पाठवा’ या शब्दावर टिचकी मारली की आपले काम संपले, असे सर्वसामान्य माणूस समजतो. कायदा तसे समजत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम १३ नुसार, उभय पक्षांनी वेगळे काही ठरवले नसेल तर, इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज पाठवणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरील संगणक यंत्रणेत शिरतो तेव्हाच तो रवाना झाला असे धरले जाते. त्याआधी तो स्वतःच्याच यंत्रात अडकून पडला असेल, तर तो पाठवलेलाच नाही. ही तरतूद महत्त्वाची ठरते, कारण रक्षणासाठी बसवलेला अँटिव्हायरसच कधीकधी पत्राला उंबरठ्यावर अडवून धरतो.

याचा जाच महानगरापेक्षा गावाला अधिक होतो. कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद तालुक्यातले निंबर्गा घ्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. सोलापूरला लागून असलेल्या या सीमाभागातील मराठी कुटुंबांची घरची भाषा मराठी, कचेरीची कन्नड आणि संगणकावरील सूचनांची इंग्रजी. हा तुरीचा मुलूख. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. डाळ गिरणीचे बिल असो, पतसंस्थेचा अहवाल असो की विम्याची कागदपत्रे, अशा गावांत ती पुष्कळदा दुकानातल्या संगणकावरून दुसऱ्याच्या हातून पाठवली जातात. पडद्यावर इंग्रजीत उमटलेली चूक कागदपत्रांच्या मालकाला वाचता येईलच असे नाही. गोव्यातील वाड्यावस्त्यांवरची स्थिती याहून फार निराळी नाही.

अडथळा येतो कसा? आउटलुक किंवा थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममधून पत्र निघते, तेव्हा ते ५८७ किंवा ४६५ क्रमांकाच्या पोर्टवरून मेल सर्व्हरकडे जाते. हा मार्ग सांकेतिक कुलपाने बंद असतो. पत्र तपासायचे तर अँटिव्हायरसला मध्ये उभे राहून ते कुलूप उघडावे लागते. त्यासाठी तो सर्व्हरचे प्रमाणपत्र बाजूला ठेवून स्वतःचे पुढे करतो. थंडरबर्ड विश्वासार्ह प्रमाणपत्रांची यादी स्वतंत्र ठेवतो. तीत या मध्यस्थाचे नाव नसले, की तो जोडणीच नाकारतो. जोडपत्र मोठे आणि संगणक जुना असेल, तर तपासणी संपण्याआधीच सर्व्हरची ठरलेली मुदत टळते. सर्वांत फसवा प्रकार तिसरा. काही रचनांत अँटिव्हायरस पत्र आधी स्वतःकडे घेतो आणि मागाहून पुढे धाडतो. मेल प्रोग्रॅमच्या दृष्टीने पत्र गेलेले असते. प्रत्यक्षात ते त्याच संगणकात असते.

या तपासणीला एकेकाळी सबळ कारण होते. १९९९ मधील ‘मेलिसा’ आणि मे २००० मधील ‘आय लव्ह यू’ हे विषाणू पीडिताच्या पत्त्यांच्या वहीतील लोकांना आपोआप पत्रे पाठवून जगभर पसरले. जाणारे पत्र तपासणे तेव्हा शहाणपणाचे होते. आज जीमेलसारख्या सेवा जोडपत्रे आपल्या सर्व्हरवर तपासतात, आणि संगणकात उतरलेली फाइल उघडताना अँटिव्हायरसचा नित्याचा पहारा तिला पाहतोच. दारावरची ही दुसरी झडती आता लाभापेक्षा खोळंबा अधिक करते.

कुलूप उघडणारा मध्यस्थ आपोआप सुरक्षित ठरत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. अमेरिकी विद्यापीठे, गूगल, मोझिला व क्लाउडफ्लेअर येथील संशोधकांनी २०१७ मध्ये वेबसाइटच्या सांकेतिक जोडण्यांचा अभ्यास केला, तेव्हा अशा हस्तक्षेपाने अनेक जोडण्यांची सुरक्षितता उलट घटल्याचे आढळले. २०२४ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने, ग्राहकांच्या वेबवापराची माहिती विकल्याच्या प्रकरणी, अव्हास्ट कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. हे प्रकरण ई-मेलचे नव्हते; तथापि राखणदारावरही लक्ष ठेवावे लागते, हा त्याचा धडा येथेही लागू पडतो.

म्हणून अँटिव्हायरसच काढून टाकावा काय? मुळीच नाही. पत्र जात नाही म्हणून संपूर्ण संरक्षण बंद करणे आणि मग ते तसेच विसरणे, हा या प्रश्नावरील सर्वांत घातक उपाय. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. जुन्या यंत्रांना पहाऱ्याची गरज त्यामुळे वाढलीच आहे. पुण्याच्या क्विक हीलपासून अव्हास्टपर्यंत बऱ्याच उत्पादनांत ई-मेल संरक्षणाचे बटण वेगळे असते. केवळ तेवढे बंद करून पत्र पुन्हा पाठवून पाहावे. फाइलींवरचा पहारा चालू राहू द्यावा. ब्राउझरमधून किंवा मोबाइलवरून ई-मेल पाठवणाऱ्यांना हा अडथळा बहुधा येत नाही, त्यामुळे निकडीच्या वेळी ती वाटही मोकळी असते.

मात्र सारा भार नागरिकावर टाकणे न्याय्य नाही. दुकानदाराने अर्जदाराच्या संमतीने, त्याच्या वतीने पत्र पाठवले, तरी कलम ११ नुसार ते अर्जदाराचेच मानले जाते. मुदत हुकली तर फटकाही त्यालाच बसतो. यावर उपाय कायद्यातच आहे. कलम १२ स्वयंचलित पोचदेखील ग्राह्य धरते. टपाल खात्याची पोचपावती जपून ठेवणारा समाज आपला. ई-मेलच्या बाबतीतच ती मागण्याचे भान सुटले आहे. जे कार्यालय, बँक वा विमा कंपनी ई-मेलवर कागदपत्रे मागवते, तिने पत्र पोहोचताच नोंदणी क्रमांकासह पोच धाडावी, आणि ती स्थानिक भाषेत असावी. अशी पोच आली नाही, तर पत्र निघालेच नाही हे निंबर्ग्याच्या शेतकऱ्याला आणि गोव्यातील खातेदारालाही मुदत उलटण्यापूर्वी कळेल.