चिमुकल्या हातांची दिवाळी

मी मराठीचा प्राध्यापक. हस्तकलेशी माझा संबंध विद्यार्थ्यांचे हस्ताक्षर लावण्यापुरता. तेव्हा या गृहस्थाने मुलांच्या कलाकुसरीवर लिहावे, याचे कुणाला हसू आले तर माझी तक्रार नाही. पण मागे आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एका बालवर्गाचे दिवाळी-प्रदर्शन पाहिले आणि राहवेना. एकाहून एक रेखीव आकाशकंदील! कातरकाम असे, की शिंप्याने मान डोलवावी. आणि खाली चिठ्ठ्या साडेतीन वर्षांच्या मुलांच्या नावांच्या! खऱ्या कारागीर आया मागे उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत रात्रीचे जागरण होते. मुले बाहेर धुळीत खेळत होती. त्यांचे मात्र उत्तम चालले होते.

अशा कंदिलात मुलाचे काय असते? नावाखेरीज काही नाही. पुढे वीस वर्षांनी ट्रंकेतून काढून पाहावे, असे जे असते ते मुलाच्या हातचे. आईच्या हातचे नव्हे.

वऱ्हाडात याची सामग्री सणच पुरवतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात आणि कोजागिरीला भुलाबाई-भुलोजींसाठी ज्वारीच्या धांड्यांचा मखर उभा राहतो. पंधरा दिवसांनी दिवाळी येईतो ते धांडे वाळून हलके होतात. वरचे साल मोठ्यांनीच सोलावे, कारण त्याची कड पात्यासारखी कापते. आत पांढरे, मऊ भेंड निघते. त्याचे बोटभर तुकडे आणि गूल काढून टाकलेल्या आगकाड्या मुलापुढे ठेवाव्यात. काडी भेंडात खुपसली की दोन तुकडे जोडले जातात. दोनाचा बैल होतो, पाचांची गाडी. डिंक नको, कात्री नको. म्हणूनच तीन-चार वर्षांच्या मुलाला हे जमते. जवळ बसावे मात्र लागते.

त्याहून लहान मूल भेंड तोंडात घालते. त्याच्यासाठी माती बरी. (मातीही तोंडात जाते, पण ती परंपरा गोकुळापासूनची आहे!) आपली काळी माती वाळताना आकसते आणि तडकते. म्हणून कुंभाराकडची मळलेली माती आणावी. काळीच घ्यावयाची तर चाळून तीत बारीक वाळू मिसळावी. जाड भाकरीसारखी थापून तीवर मुलाचा पंजा अलगद दाबावा. काडीने नाव, वय आणि साल कोरावे. उन्हात न ठेवता सावलीत आठवडाभर वाळवावे आणि मग गेरूचा हात द्यावा. ही माती भाजलेली नसते, तेव्हा पाण्यापासून जपावी.

हे ज्ञान नवे नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे ते काम कोसबाडला गेले. महागडी साधने परवडणारी नव्हती. तेव्हा परिसरातलेच शंख-शिंपले, बिया, पाने, माती त्यांनी मुलांच्या हाती दिली. त्यातून त्या मुलांचे शिक्षण अडले नाही. उलट साऱ्या देशाने ते पाहिले.

आता अडचण निराळीच आहे. आमच्याकडे खरिपाची ज्वारी मागे पडून शेते सोयाबीनने भरली. धांडे शहरातच काय, खेड्यातही शोधावे लागतात. गावाहून पाहुणे येणार असतील तर मिठाईऐवजी चार धांडे आणावयास सांगा. त्यांना नवल वाटेल, पण ते आणतील.

एक पथ्य तेवढे पाळा. बैलाला पाय तीनच झाले, तर चौथा आपण लावू नका. पंजा वाकडा उमटला, तर पुसून पुन्हा घेऊ नका. मोठ्यांनी हात फिरवला, की मूल हळूच उठून जाते आणि पुढच्या वेळी “तूच कर” म्हणते. ते एकदा म्हणावयास शिकले, की मग ते मोडणे फार कठीण.

फराळाचे डबे तुळशीच्या लग्नाआधीच रिकामे होतील. तीन पायांचा बैल मात्र कपाटात राहू द्या. पुढच्या दिवाळीला त्याच पंजावर मुलाचा हात ठेवून पाहा. बोटे बाहेर आलेली दिसतील.