पाच हजार तबकड्या आणि एक पुसलेली फीत

१/ ३० आणि ३१ डिसेंबर १९७८. ‘आयर्न मेडन’ या लंडनच्या, तेव्हा अपरिचित असलेल्या हेवी मेटल बँडने केंब्रिजच्या स्पेसवर्ड स्टुडिओत काही गाणी ध्वनिमुद्रित केली. मूळ फीत विकत घेण्याइतके पैसे नव्हते. पुढे ते ती घेण्यास परतले, तेव्हा ती पुसली गेली होती.

२/ हाती उरलेल्या प्रतीवरून नोव्हेंबर १९७९ मध्ये ‘द साउंडहाउस टेप्स’ ही तीन गाण्यांची तबकडी निघाली. लेबल बँडचे स्वतःचे, ‘रॉक हार्ड’. प्रती ५०००, विक्री टपालाने. काही आठवड्यांत त्या संपल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ईएमआय या बलाढ्य कंपनीने करार केला.

३/ याच ईएमआयच्या परिवारातील ‘एचएमव्ही’चे भारतीय ध्वनिमुद्रणावर दीर्घकाळ वर्चस्व होते. तरीही मुंबईतून १९३५ ते १९५५ या काळात ‘यंग इंडिया’ या स्वदेशी लेबलच्या तबकड्या निघत राहिल्या. छोट्या लेबलची परंपरा महाराष्ट्राला परकी नाही.

४/ १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटने ही मक्तेदारी मोडली. धनगरी ओव्या, भारुडे, भीमगीते, तमाशाचे वग छोट्या कंपन्यांमार्फत घरोघरी पोहोचले. बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर हा तर तुकोबांच्या पालखीचा मार्ग. इथल्या अभंगांना आणि ओव्यांना श्रोत्यांची वाण कधीच नव्हती.

५/ ‘जत्रेतल्या कॅसेटींना कसला इतिहास?’ हा आक्षेप टिकत नाही. ताम्रपट आणि बखरी राजदरबाराचे बोलणे सांगतात. शाहीर आणि ओवीकारांचा प्रत्यक्ष आवाज मात्र याच फितींत आहे. गायकी, बोलीतले उच्चार, ढोलाची चाल कागदावर उतरत नाही.

६/ मेडनची मूळ फीत गेली, तरी ५००० तबकड्या जगभरच्या संग्राहकांनी जपल्या. बारामती-इंदापूरच्या माळ्यांवरील कॅसेटींना असे वाली नाहीत. दमट हवेने फितीला बुरशी धरते, चुंबकीय थर झडतो, आणि एकेका कॅसेटची दुसरी प्रत कुठे असेलच याची शाश्वती नसते.

७/ म्हणून किल्ल्यांच्या स्वच्छतेइतकेच हेही इतिहासकार्य मानले पाहिजे : घरातील जुनी कॅसेट शोधणे, तिचे डिजिटल रूपांतर करणे, वेष्टनाचे छायाचित्र घेणे, गायक, गाव आणि साल ज्येष्ठांना विचारून नोंदवणे. पुसलेली फीत परत मिळत नाही. न पुसलेली आज वाचवता येते.