इंटर्नशिप आकड्यांची करा, टिप्सची नको



मागच्या आठवड्यात एका ताईंचा मेसेज आला. "सर, मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक ऑफिस शेअर बाजाराच्या डेटा ॲनालिसिसची इंटर्नशिप देतंय. आधी आठ हजार भरायचे आणि महिन्याला दहा डीमॅट खाती आणायची. भरू का?"

ताई, माझं स्पष्ट मत सांगतो. भरू नका.

दहा खाती आणणं हे विक्रीचं काम आहे. विक्री शिकणं वाईट अजिबात नाही, पण मग तिला विक्रीच म्हणा आणि पोराला कमिशन द्या. काम करून घ्यायचं आणि वर पैसेही त्याच्याकडूनच घ्यायचे, ही इंटर्नशिप नव्हे.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप आणली, त्यामुळे पोरं धावपळ करतायत. त्यात शेअर बाजार म्हटलं की डोळे चमकतात. वाटतं, आत शिरलो की कमाईची किल्ली मिळेल. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला अभ्यास बघा. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात एफ अँड ओमध्ये ट्रेडिंग करणाऱ्या १०० सामान्य लोकांपैकी ९३ जण तोट्यात गेले. अशी किल्ली कोणी आठ हजारांत देत नसतो.

मग खरी इंटर्नशिप कशी असते? खरं सांगू, कंटाळवाणी असते. बाजार बंद झाल्यावर एनएसईच्या वेबसाइटवर 'भावकॉपी' नावाची फाइल फुकट मिळते. प्रत्येक शेअरचा उघडतानाचा भाव, दिवसातला वरचा, खालचा, बंद भाव आणि उलाढाल. ती एक्सेलमध्ये घ्यायची, नीट लावायची, चुका शोधायच्या.

एक उदाहरण घेऊ. २८ ऑक्टोबर २०२४ ला रिलायन्सचा भाव आदल्या दिवसाच्या जवळपास निम्मा दिसतो. नवखा म्हणेल, शेअर कोसळला! प्रत्यक्षात कंपनीने एकास एक बोनस दिला होता. शेअर दुप्पट झाले, भाव निम्मा झाला, खिशाला काहीच धक्का नाही. म्हणून तुलना करण्याआधी मागचे भाव निम्मे करून घ्यावे लागतात. हे ज्याने स्वतःच्या हाताने केलं, तो पुढे कुठल्याही आकड्याला विचारतो, "बाबा रे, तू का बदललास?"

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला धंदा करायचाय, आमचा काय संबंध? संबंध आहे. समजा, तुमचा दिवाळी फराळाचा धंदा आहे. ऑक्टोबर २०२३ पेक्षा ऑक्टोबर २०२४ ची विक्री दुप्पट दिसली. लगेच दुसरी भट्टी घ्यायची? थांबा. २०२३ ची लक्ष्मीपूजा १२ नोव्हेंबरला होती, २०२४ ची १ नोव्हेंबरला. गिऱ्हाईक वाढलंच असेल असं नाही, नुसता सण अलीकडे आला. दिवाळीच्या आधीचे तीस दिवस दोन्ही वर्षांचे समोरासमोर ठेवा, मग खरं काय ते कळेल. ही चूक न कळता घेतलेलं कर्ज मात्र दर महिन्याला हप्ता मागतं.

म्हणून इंटर्नशिप घेताना तीनच प्रश्न विचारा. पहिल्या दिवशी माझ्या हातात फाइल देणार की फोन नंबरांची यादी? माझं काम कोण तपासणार? शेवटी मी स्वतः केलेलं काय दाखवू शकेन? उत्तर देताना समोरचा गडबडला, तर नमस्कार करून उठा.

क्लासची फी वेगळी गोष्ट आहे. शिकवत असतील तर जरूर द्या. पण फीला फी म्हणावं.

आणि ताई, ते आठ हजार राहू द्या. मुलाला एका शेअरच्या वर्षभराच्या भावाची शीट बनवू द्या. मग ओळखीच्या दुकानदाराकडे जाऊन दोन वर्षांची बिलं मागू द्या. दुकानदाराला माहीत नसलेली एक गोष्ट त्याने त्यातून काढून दाखवली, तर इंटर्नशिप तिथेच सुरू झाली.

तुमच्या धंद्यातला कुठला आकडा तुम्हाला फसवून गेला? कमेंटमध्ये नक्की लिहा.