इंग्रजी शब्दांचाही स्वाध्याय



सुट्ट्या लागल्या की अकोला-अमरावतीत घरोघरी लेकरांच्या मागे एकच लकडा लागतो, "रोज इंग्रजीचे दहा शब्द अर्थासह पाठ कर." हेतू चांगलाच आहे. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, तरी मराठी माध्यमातली हुशार मुलगी पुण्याच्या मुलाखतीत गप्प बसते. पण याद्या घोकून तिचे तोंड उघडेल, हे मला पटत नाही.

एका शब्दाला एकच अर्थ चिकटवला की पंचाईत होते. 'निगेटिव्ह' म्हणजे वाईट, एवढेच पाठ असलेल्या बाईच्या हाती 'डेंग्यू निगेटिव्ह' असा रिपोर्ट आला तर ती घाबरेल. खरे तर ती आनंदाची बातमी! 'इंटरेस्ट' बँकेत व्याज असते, अभ्यासात गोडी. 'बॅलन्स' पासबुकात शिल्लक, सायकलवर तोल. आपण अनेकांत मानणारी माणसं. वस्तूला जशा अनेक बाजू, तशा शब्दालाही असतात, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

मग शिकायचे कसे? तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. हेच शब्दाला लावून पाहा. आधी शब्द वाक्यात वाचायचा. अडला तर विचारायचा, नाहीतर वीरकरांची डिक्शनरी उघडायची. मग तो मनात घोळवायचा, आपल्या घरच्या कोणत्या गोष्टीला लागू पडतो ते पाहायचे. त्यानंतर शुद्ध उच्चारासह पुन्हा पुन्हा म्हणायचा. शेवटी दुसऱ्याला समजावून सांगायचा. धाकटा भाऊ किंवा आजी ऐकायला आहेतच. बघा, घोकण्याचा नंबर चौथा आहे. आपण मात्र तिथूनच सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो.

अर्थ लावायला वेळ लागतो, याचे मोठे उदाहरण आपल्या अमरावतीचेच आहे. किंग एडवर्ड कॉलेजमधले (आजची विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था) प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी विद्वान सहकाऱ्यांसह षट्खंडागम धवला टीका आणि हिंदी अनुवादासह संपादित केला. पहिला भाग १९३९ साली निघाला, सोळावा १९५८ साली. एका ग्रंथाचा अर्थ लोकांपर्यंत पोचवायला एवढी वर्षे! आपल्या लेकरांना मात्र आपण एका संध्याकाळीत दहा शब्द संपवायला लावतो.

म्हणून माझे म्हणणे, रोज दोनच शब्द घ्या. प्रत्येकाची दोन वाक्ये लेकराने स्वतःच्या मनाने करावीत, आपल्या घरातली, वाळवणाची, शेजारच्या काकूंची. चुकले तर हसू नका. चातुर्मासाच्या चार महिन्यांत सुमारे २४० शब्द होतील. दहाच्या हिशोबाने वहीत १२०० भरतील खरे, पण बोलताना त्यातले किती आठवतील? हिशोब जमेचाच धरायचा असतो. तोंडी आलेले २४० शब्द हीच खरी शिल्लक.