न्यूयॉर्कचे विमान कोणत्या दिशेला निघते?

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या वर्गात ज्यांचे काका, मामा किंवा मोठा भाऊ परदेशी आहे अशी मुले किती, ते एकदा मोजून पाहा. आपल्या वसई-विरारकडे अशी घरे थोडी नाहीत. त्या मुलांना विचारा, "मुंबईहून न्यूयॉर्कचे विमान कोणत्या दिशेला जाते?" "पश्चिमेला," असेच उत्तर बहुधा मिळेल. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका पश्चिमेलाच तर आहे! मर्केटर पद्धतीच्या नकाशावर पट्टी ठेवली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर यांवरून जाते. हा मार्ग सुमारे 14,200 किलोमीटरचा.

आता पृथ्वीगोल घ्या आणि या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा पश्चिमेला जातच नाही! तो वायव्येच्याही बराच उत्तरेकडे झुकून निघतो, मॉस्कोजवळून व आइसलंडवरून जातो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशेजारून न्यूयॉर्कला उतरतो. गोलाचा व्यास 30 सेंटिमीटर असेल, तर दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरेल. म्हणजे सुमारे 12,500 किलोमीटर. पट्टीच्या मार्गापेक्षा हा 1,700 किलोमीटरने कमी, म्हणजे मुंबई-दिल्ली हवाई अंतराच्या जवळजवळ दीडपट बचत! याचे कारण सोपे आहे. नकाशावर रेखावृत्ते समांतर दिसतात, पृथ्वीवर मात्र ती ध्रुवाकडे एकत्र येतात. विषुववृत्तावर एक रेखांश 111 किलोमीटर रुंद, तर 60 अक्षांशावर त्याच्या निम्मा.

मुंबईहून न्यूयॉर्कला कोठेही न थांबता जाणारी एअर इंडियाची सेवा 2007 साली सुरू झाली. ताशी 900 किलोमीटर वेग धरला, तर गणिताने 14 तास लागावेत. प्रत्यक्षात जाताना सोळाच्या आसपास लागतात आणि येताना त्याहून कमी. कारण उंचावरील जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. शिवाय विमानाला दोऱ्यावरूनच जाता येईल असेही नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा काही महिने आपल्या विमानांना वळसा घालावा लागला. एप्रिल 2025 मध्ये पुन्हा तोच प्रकार झाला. विमानतळ जागचे हलले नाहीत, प्रवास मात्र लांबला.

म्हणून शिक्षकांना माझे स्पष्ट सांगणे आहे. "दोन विमानतळांमधील अंतर इतके, वेग इतका, तर वेळ किती?" एवढेच विचारून थांबू नका, "कोणत्या मार्गाने आणि कोणत्या वाऱ्यात?" हेही विचारा. मी शिकलो त्या शाळेतला पृथ्वीगोल कपाटात कुलूपबंद असे आणि तपासणीच्या दिवशीच टेबलावर येई. फुटेल ही भीती! अहो, फुटला तर दुसरा आणता येईल. नकाशावरून डोक्यात बसलेली चपटी पृथ्वी मात्र सहजासहजी निघत नाही. माझ्या डोक्यातून ती कॉलेजात गेल्यावर निघाली.

आणि मुलांनो, गोल हाती आलाच आहे, तर दोऱ्याचे दुसरे टोक न्यूयॉर्कवरून उचलून सॅन फ्रान्सिस्कोवर ठेवा. तेही अमेरिकेतच, पण आता दोरा मुंबईतून निघताना चक्क पूर्वेकडे झुकलेला दिसेल.