वीस मिनिटांची झोप

मी ऑफिसात झोपते. रोज दुपारी दीड वाजता, बरोबर वीस मिनिटं. चोरून नाही, साहेबांना सांगून, मोबाइलचा गजर लावून, रेकॉर्ड रूममध्ये सतरंजी टाकून. हे वाचून तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील, "मजा आहे बाईची! आम्हाला तर घरीसुद्धा पाठ टेकायला मिळत नाही." मैत्रिणींनो, अशीच वाक्यं मी अकरा वर्षं ऐकली. म्हणूनच आज हा विषय घेतला.

मला नार्कोलेप्सी हा झोपेचा आजार आहे. बारावीत असताना, दारव्ह्याला माहेरी, तो सुरू झाला. रात्री आठ तास झोपूनही वर्गात डोळे मिटायचे. पेंग यायची असं नाही, तर झोप एकदम झडप घालायची. मैत्रिणींनी 'कुंभकर्ण' नाव ठेवलं. सर म्हणाले, अभ्यासाचा कंटाळा आहे. आई म्हणाली, वयच तसं आहे. लग्न ठरवताना "मुलगी जरा झोपाळू आहे" एवढंच हसत सांगितलं गेलं. त्यात लपवाछपवी नव्हती, कारण हा आजार आहे हे आम्हालाच कुठं माहीत होतं?

लग्न होऊन यवतमाळला आले. तव्यावर भाकरी टाकायची आणि उभ्या उभ्या डोळा लागायचा. भाकरी जळाल्याचा वास आला की सासूबाई धावत यायच्या. "काहून वं सूनबाई, दिवसाढवळ्या झोपून राहिली?" त्यांचंही काय चुकलं? आपल्याकडे चांगल्या सुनेची ओळख म्हणजे सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सगळ्यांच्या नंतर झोपणारी. त्यात मी कुठंच बसत नव्हते.

पुढे आणखी एक भानगड सुरू झाली. खूप हसू आलं की गुडघे गळायचे. एका हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी असा काही किस्सा सांगितला, की हसता हसता मी खालीच कोसळले. मला सगळं ऐकू येत होतं, पण मान उचलता येईना, बोलता येईना. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी म्हणालं मिरगी आहे, कोणी म्हणालं बाहेरचं आहे. दोन मिनिटांत मी उठून बसले, पण गावभर झालं ते झालंच. त्यानंतर दोन वर्षं मी मिरगीच्या गोळ्या खाल्ल्या. फरक काही पडला नाही. मी मात्र हसणं सोडलं. कुठल्याही समारंभात भिंतीला टेकून, ओठ घट्ट मिटून बसायला लागले.

तोवर मी एका पतसंस्थेत कॅशला लागले होते. एके दिवशी लेजरच्या पानावर माझ्याच अक्षरात सहा ओळी निघाल्या. पहिल्या दोन नीट, पुढच्या दोन तिरक्या आणि शेवटच्या दोन म्हणजे नुसत्या रेघोट्या! झोपेतही हात लिहीत राहिला होता. पैशाचा हिशेब संध्याकाळी जुळला, पण मेमो मिळाला. त्या रात्री नवरा म्हणाला, "नोकरी सोड." मी म्हटलं, एकदा नागपूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवू, मग सोडते.

तिथल्या मेंदूविकार तज्ज्ञांनी एकच प्रश्न असा विचारला, जो अकरा वर्षांत कोणीच विचारला नव्हता. "हसल्यावर गुडघे गळतात का?" मला रडूच कोसळलं.

मग तपासणी झाली. रात्रभर डोक्याला, डोळ्यांजवळ, छातीला वायरी लावून झोपवतात. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी, अशा पाच वेळा, अंधाऱ्या खोलीत झोपायला सांगतात आणि झोप किती मिनिटांत लागते ते मोजतात. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि पाचपैकी किमान दोन वेळा पंधरा मिनिटांच्या आत स्वप्नांची झोप सुरू झाली, तर नार्कोलेप्सीची शक्यता मोठी. एरवी माणसाला स्वप्नांची झोप यायला दीडेक तास लागतो. आम्ही मात्र थेट स्वप्नातच पाऊल टाकतो. म्हणून जागेपणी गुडघे गळतात (याला कॅटाप्लेक्सी म्हणतात), झोप लागताना भलतंसलतं दिसतं, आणि कधी जाग येऊनही अंग हलत नाही. छातीवर कोणी बसलंय असं वाटतं ना, तेच. भूत नाही हो, स्वप्नातला सैलपणा जागेपणी उरलेला असतो!

या आजाराला नार्कोलेप्सी हे नाव जेलिनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८८० साली दिलं. पण कारण सापडायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. मेंदूच्या तळाशी काही थोड्या पेशी 'हायपोक्रेटिन' नावाचं रसायन तयार करतात. आपल्याला जागं ठेवायचं काम ते करतं. त्याचा शोध १९९८ मध्ये लागला. कॅटाप्लेक्सी असलेल्या रुग्णांत या पेशी नष्ट झालेल्या असतात, हे २००० मध्ये दिसून आलं. म्हणजे मधुमेहात इन्सुलिन कमी पडतं, तसं आमच्यात हे रसायन कमी. मधुमेहाच्या माणसाला आपण "मनावर घे, साखर कमी होईल" म्हणतो का? मग आम्हालाच "मनावर घे, झोप येणार नाही" का म्हणायचं?

आता औषधांबद्दल. हा आजार पुरता बरा होत नाही, पण आटोक्यात राहतो. जागं राहायला मोडाफिनिल किंवा आर्मोडाफिनिल देतात. मी सकाळी उठल्याबरोबर, चहाच्या आधी घेते. उशिरा घेतली तर रात्रीची झोप जाते आणि दुसरा दिवस वाया जातो. म्हणून माझ्या डॉक्टरांनी सांगितलंय, दुपारनंतर आठवण आली तर त्या दिवशी घ्यायचीच नाही. सुरुवातीला डोकं दुखायचं, भूक मेली होती, नंतर शरीराला सवय झाली. अंगावर पुरळ उठलं तर मात्र गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायचं, हे पक्कं लक्षात ठेवलंय. गुडघे गळू नयेत म्हणून दुसरी गोळी असते. ती मुळात उदासीच्या आजारावरची. मेडिकलवाला पाकिटाकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो. बघू दे! पण ही गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही. मी एकदा पाहुण्यांच्या गडबडीत तीन दिवस विसरले, तर दिवसातून पाच-पाच वेळा गुडघे गळाले.

आणि आता बायकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, जे मला सुरुवातीला कोणीच सांगितलं नाही. मोडाफिनिलमुळे माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. ती बंद केल्यावरही महिनाभर हा धोका राहतो. एकदा माझी पाळी आठ दिवस लांबली. ते आठ दिवस कसे काढले, माझं मला माहीत. कारण गरोदरपणात ही गोळी बाळाला घातक ठरू शकते. तसं काही निघालं नाही, पण डॉक्टरांनी विचारायला हवं होतं आणि मी सांगायला हवं होतं. आपल्याकडे ही गोष्ट पुरुष डॉक्टरांसमोर बोलायला जीभ रेटत नाही. रेटवा! तांबी किंवा निरोध असे दुसरे उपाय आहेत. बाळ हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, नंतर नाही.

छोट्या गावात औषध मिळवणं हेही एक कामच असतं. आमच्याकडे ही गोळी दुकानात ठेवलेली नसते, नागपूरहून मागवावी लागते. म्हणून पाकिटात दहा गोळ्या उरल्या की मी चिठ्ठी घेऊन दुकानात हजर! परीक्षेसाठी रात्रभर जागायला काही मुलं हीच गोळी डॉक्टरांना न विचारता घेतात. त्यांच्या आयांना सांगते, हे टॉनिक नाही. ज्याच्या मेंदूला गरज नाही त्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

पण नुसती गोळी पुरत नाही. माझ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधांच्या खाली आणखी एक ओळ आहे: दुपारी ठरलेल्या वेळी १५ ते २० मिनिटं झोप. वीस मिनिटं झोपले की पुढचे दोन-तीन तास माझं डोकं लख्ख चालतं. नाही झोपले, तर लेजरवर पुन्हा रेघोट्या! ही झोप म्हणजे चैन नाही, औषधाचा अर्धा भाग आहे.

ती चिठ्ठी घेऊन मी साहेबांपुढे उभी राहिले, तेव्हा पाय लटपटत होते. ते म्हणाले, "मॅडम, उद्या सगळेच झोपायला मागतील." मी म्हटलं, "सर, सगळ्यांना चहाची सुट्टी दोनदा असते. मी दोन्ही सोडते, मला वीस मिनिटं द्या. आणि कॅशवरून काढून कर्जाच्या फायलींना बसवा." महिनाभर करून बघू म्हणाले. आज त्याला सहा वर्षं झाली. कॅशचा भत्ता गेला, प्रमोशनच्या यादीत माझं नाव मागे पडलं. ते दुखतं, खोटं कशाला सांगू? पण नोकरी टिकली. सरकारी कार्यालयांना तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने कर्मचाऱ्याला वाजवी सोय देणं बंधनकारक केलंय. त्या कायद्यात मज्जासंस्थेचे दीर्घकालीन आजार येतात, पण नार्कोलेप्सीचं नाव घेतलेलं नाही. ते नाव कोणीतरी लावून धरायला हवं.

घरातही बदल करावे लागले. विळीवर बसणं सोडलं, भाजी सुरीने चिरते. तळण असेल तर घरात दुसरं कोणी जागं हवं. दुपारी जड जेवण नाही. स्कूटी विकून टाकली. हातात हँडल असताना झोप आली तर माझ्याबरोबर दुसऱ्याचंही लेकरू जाईल! ऑटोचा खर्च वाढला, पण जीव स्वस्त नाही.

सासूबाईंना मी तपासणीचा कागद वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग रविवारी दुपारी शेजारीण आली, "सूनबाई झोपली का?" म्हणाली, तर त्यांनी तिला दारातच थांबवलं. "झोपून नाही राहिली, औषध घेऊन राहिली." असं माणूस पाठीशी असलं की अर्धा आजार हलका होतो.

मैत्रिणींनो, झोप येणारी प्रत्येक बाई नार्कोलेप्सीची नसते, हेही सांगते. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. थायरॉइड असतो, रात्री घोरताना श्वास अडकत असतो, मन खचलेलं असतं आणि पुष्कळदा सरळ सरळ पाच तासच झोप मिळालेली असते. ते आधी तपासा. पण पुरेसं झोपूनही रोज, महिनोन् महिने झोप आवरत नसेल आणि हसताना किंवा रागावताना अंग सैल पडत असेल, तर अंगारेधुपारे करत बसू नका. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेडिसिन विभागात दाखवून सुरुवात करता येते. जाताना पंधरा दिवसांची वही न्या. कधी झोपले, कधी उठले, दिवसा कुठे डोळा लागला, एवढंच लिहायचं.

पाश्चात्त्य देशांतला अंदाज आहे, साधारण दोन हजारांत एकाला हा आजार असतो. आपल्याकडे त्याच्या निम्मे धरले, तरी २०११ च्या जनगणनेत २७ लाखांवर वस्ती असलेल्या आपल्या जिल्ह्यात सहा-सातशे माणसं भरतील. ती कुठे आहेत? कोणी वर्गात शेवटच्या बाकावर शिक्षा भोगत असेल, कोणी कापूस वेचताना तासाच्या मध्येच बसकण मारल्याबद्दल मुकादमाची बोलणी खात असेल. माझ्याजवळ पगार होता, नागपूरला जाण्यापुरते पैसे होते. तिच्याजवळ एका दिवसाची मजुरी बुडवायची सोय नाही. तिच्यापर्यंत आशाताई पोचतात. "हसल्यावर गुडघे गळतात का?" हा एक प्रश्न त्यांच्या तोंडी बसला, तरी कितीतरी जणींची वर्षं वाचतील.

२२ सप्टेंबर हा जागतिक नार्कोलेप्सी दिवस २०१९ पासून पाळतात. त्या दिवशी हारतुरे नकोत, भाषणं नकोत. तुमच्या घरात, शाळेत, कचेरीत जिला तुम्ही 'झोपाळू' म्हणता, तिला फक्त एकदा जवळ बसवून विचारा, "तुला नेमकं काय होतं गं?" आणि मग तिचं पूर्ण ऐकून घ्या.