मिठीला भिंत नव्हे, पैस हवा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि बहुसंख्य मुंबईकरांच्या लेखी केवळ नाला असलेली मिठी ही नदी आहे, याची प्रचीती आली. त्यानंतर तिचे पात्र रुंद व खोल करण्यात आले. काठांवर संरक्षक भिंती उभ्या राहिल्या. पाणी त्वरेने समुद्रास मिळावे, हा त्यामागील विचार. परंतु ऐन भरतीत समुद्रच पाणी स्वीकारीत नसेल, तर भिंतींत कोंडलेल्या प्रवाहाने जावे कोठे?

सिंगापूरने याचे उत्तर उद्यानात शोधले. तेथील बिशान उद्यानाच्या कडेने कालांग नदी २.७ किलोमीटर लांबीच्या सरळ सिमेंटी कालव्यातून वाहत असे. तो कालवा हटवून नदीला उद्यानातूनच सुमारे ३ किलोमीटरचा वळणावळणाचा मार्ग देण्यात आला. २०१२ मध्ये हे काम पूर्ण झाले. एरवी ज्या उतरत्या हिरवळीवर मुले खेळतात, तीच मुसळधार पावसात नदीचे पात्र होते. काठ सावरून धरतात ते दगड आणि वनस्पतींची मुळे.

मुंबईलाही हे अशक्य नाही. धारावीलगत मिठीच्या काठी एके काळी शहराचा कचरा टाकला जाई. त्याच भूमीवर वृक्षराजी वाढवून १९९४ मध्ये सुमारे ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान साकारले. कचराभूमीचे वन होऊ शकते, तर काठावरील उरल्यासुरल्या मोकळ्या जागांना नदीचा विसावा का बनवता येऊ नये?

मात्र त्यासाठी उद्यानाची रूढ कल्पना बदलावी लागेल. पेव्हर ब्लॉक, कारंजे आणि शोभेची झुडपे म्हणजे उद्यान नव्हे. जी जमीन पाणी मुरवीत नाही, ती नकाशावर हिरवी दिसली तरी वस्तुतः बांधकामच होय. काठावरील गोरगरिबांना केवळ हुसकावून लावणे हाही मार्ग नव्हे. पुराचा पहिला तडाखा त्यांनाच बसतो. त्यांचे जवळपासच पुनर्वसन झाले, तरच नदीला दिलेली जागा टिकेल.

म्हणून शहराच्या विकास आराखड्यात प्रत्येक मोकळ्या भूखंडाबाबत एक प्रश्न अनिवार्य व्हावा : ही जमीन किती पाणी सामावून घेते? नदी आपली जागा कधीच विसरत नाही. ती सन्मानाने द्यायची की पुराने हिरावून घेऊ द्यायची, एवढाच निर्णय शहराच्या हाती आहे.